घोषणा क्रमांक ३३७ : थायलंडच्या भूमीवर जन्मलेले परके कसे ठरले?

१/ जुलै २०१८. उत्तर थायलंडमधील थाम लुआंग गुहेतून बारा फुटबॉलपटू मुले आणि त्यांचा प्रशिक्षक सुखरूप बाहेर आले. त्यानंतर जगाला कळले, की त्यांतील तीन मुले आणि प्रशिक्षक कोणत्याच देशाचे नागरिक नव्हते. ऑगस्टमध्ये त्यांना थाई नागरिकत्व मिळाले. पण तोवर ते नागरिकत्वहीन का होते? या प्रश्नाची मुळे बरीच खोल आहेत.

२/ सयामचा पहिला राष्ट्रीयत्व कायदा १९१३ चा, राजा वजिरावुध यांच्या काळातला. त्याआधी १९०९ मध्ये चीनच्या छिंग सत्तेने परदेशात जन्मलेल्या चिनी वंशजांनाही आपले प्रजाजन ठरवले होते. सयाममध्ये चिनी वस्ती मोठी होती. सयामच्या कायद्याने वंश आणि जन्मभूमी हे दोन्ही आधार मान्य केले. परदेशी मातापित्यांचे मूल सयाममध्ये जन्मले, तर ते सयामी.

३/ ही उदारता टिकली नाही. १९५३ मध्ये आई थाई असण्याची अट आली. १९५६ मध्ये ती मागे घेतली गेली.

४/ नोव्हेंबर १९७१ मध्ये थानोम कित्तिकाचोर्न यांनी संसद बरखास्त करून सर्व सत्ता हाती घेतली. ईशान्येकडील व्हिएतनामी निर्वासितांमार्फत साम्यवाद शिरेल, ही राज्यकर्त्यांची धास्ती होती. १३ डिसेंबर १९७२ रोजी घोषणा क्रमांक ३३७ निघाली. परके पालक बेकायदा किंवा तात्पुरत्या वास्तव्यावर असताना थायलंडमध्ये जन्मलेल्यांचे नागरिकत्व तिने काढून घेतले. कायदेशीर पिता असा परका असेल, तर आई थाई असूनही उपयोग नव्हता.

५/ झळ केवळ व्हिएतनामींना बसली नाही. १९५६ च्या घरनोंदणीत दुर्गम डोंगरांतील अनेक पाडे सुटले होते. तेथील आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या तेथेच राहत होते, पण कागद नव्हता. आणि कागद नसलेला पालक ‘बेकायदा आलेला’ ठरू शकत होता.

६/ कागद असणेही पुरेसे नव्हते. २००२ मध्ये चियांग माई प्रांतातील माए आय जिल्हा प्रशासनाने १,२४३ ग्रामस्थांची नावे, त्यांना बाजू मांडू न देता, नागरिकांच्या नोंदवहीतून वगळली. ग्रामस्थ न्यायालयात गेले. २००५ मध्ये सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला.

७/ परतीची वाट टप्प्याटप्प्याने उघडली. १९९२ च्या दुरुस्तीने थाई आईकडूनही मुलाला नागरिकत्व मिळू लागले. घोषणा ३३७ रद्द झाली, पण तिचा गाभा नव्या कलमात उरलाच. २००८ च्या दुरुस्तीने घोषणेमुळे वंचित झालेल्यांना नागरिकत्व परत मिळण्याची तरतूद केली. २०१२ मध्ये, वसाहतकाळात सीमा आखल्या गेल्याने पलीकडे राहिलेल्या आणि पुढे थायलंडला परतलेल्या थाई वंशजांनाही दार उघडले.

८/ १९७२ ते २००८ : छत्तीस वर्षे. नागरिकत्व हिरावण्यासाठी एक घोषणा पुरली. कोणाची वैयक्तिक चौकशी झाली नाही. परत मिळवताना मात्र प्रत्येकाला जन्माचा, वास्तव्याचा आणि सद्‌वर्तनाचा पुरावा घेऊन कचेरीत जावे लागले. ज्यांची नोंद करण्यास शासनच पोहोचले नव्हते, त्यांच्याकडेच शासनाने नोंदीचा दाखला मागितला.