प्रथिन कायनेज संशोधनाची वाटचाल : स्नायूतील विकरापासून रक्तकर्करोगावरील औषधापर्यंत

प्रस्तावना :

पेशीचे जीवन संदेशांच्या देवाणघेवाणीवर चालते. अनेक संप्रेरके पेशीच्या आवरणाबाहेरच थांबतात. परंतु पेशीने वाढावे, विभाजित व्हावे की थांबावे, याचा निर्णय आत होतो. बाहेरचा निरोप आत पोहोचविणाऱ्या यंत्रणेत प्रथिन कायनेज या विकरांचे स्थान मोलाचे आहे. एटीपी रेणूतील एक फॉस्फेट गट काढून तो दुसऱ्या प्रथिनाला जोडणे हे त्यांचे कार्य होय. या जोडणीमुळे ते प्रथिन कार्यरत होते अथवा निष्क्रिय होते. फॉस्फेटेज विकरे हा गट पुन्हा काढून टाकतात. २००२ मध्ये मानवी जनुकसंचात कायनेजची ५१८ जनुके नोंदविण्यात आली, यावरून या विकरांचा पसारा लक्षात येतो. या संशोधनातून रक्तकर्करोगावरील औषध कसे घडले आणि ते रुग्णापर्यंत पोहोचताना कोणते प्रश्न निर्माण झाले, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

मूलभूत शोध :

या इतिहासाचा आरंभ कर्करोगाच्या अभ्यासात नव्हे, तर सशाच्या स्नायूंच्या अभ्यासात झाला. स्नायूतील ग्लायकोजेनचे विघटन करणारे फॉस्फोरिलेज हे विकर कार्यरत आणि अकार्यरत अशा दोन रूपांत आढळत असे. सिएटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात एडमंड फिशर व एडविन क्रेब्ज यांनी जुन्या पद्धतीतील गाळणकागद वगळला, तेव्हा त्यांच्या हाती केवळ अकार्यरत रूप आले. कागदातील कॅल्शियममुळे हे रूपांतर घडत होते, असे पुढे निष्पन्न झाले. १९५५ मध्ये त्यांनी या रूपांतरास एटीपीची गरज असल्याचे दाखविले आणि फॉस्फेट जोडणारे विकर प्रकाशात आले. या शोधास १९९२ चे नोबेल पारितोषिक लाभले. शोध आणि सन्मान यांत सदतीस वर्षांचे अंतर पडले, ही बाब येथे लक्षात घेण्याजोगी आहे.

दुसरी वाट गुणसूत्रांच्या अभ्यासातून निघाली. १९६० मध्ये फिलाडेल्फिया येथे पीटर नोवेल व डेव्हिड हंगरफर्ड यांना क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्तकर्करोगाच्या रुग्णांच्या पेशींत एक नेहमीपेक्षा लहान गुणसूत्र दिसले. १९७३ मध्ये शिकागो विद्यापीठातील जॅनेट राउली यांनी दाखवून दिले की, नवव्या व बाविसाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची येथे अदलाबदल झालेली असते. मात्र या अदलाबदलीने पेशी बेलगाम का होते, याचे उत्तर तेव्हा मिळाले नव्हते.

दोन वाटांचा संगम :

ते उत्तर कायनेजच्या अभ्यासातून आले. तोपर्यंत फॉस्फेट गट सेरिन व थ्रिओनिन या अमिनो आम्लांना जोडला जातो, एवढेच ज्ञात होते. १९७९ मध्ये साल्क संस्थेतील टोनी हंटर यांना टायरोसिनलाही फॉस्फेट जोडला जात असल्याचे आढळले. वापरातील द्रावण जुने होऊन त्याची आम्लता बदलली होती. त्यामुळे एरवी एकत्र राहणारे दोन ठिपके वेगळे झाले. हा बदल दुर्लक्षित न करता त्याचा अर्थ लावला गेला, हे महत्त्वाचे. १९८० च्या दशकात राउली यांच्या निरीक्षणाचा उलगडा झाला. गुणसूत्रांच्या अदलाबदलीत बीसीआर व एबीएल ही जनुके एकत्र येतात आणि त्यांपासून तयार होणारे टायरोसिन कायनेज सतत कार्यरत राहते. ज्या कळीने दिवा लावावा व विझवावा, ती कायमची दाबलेली राहावी, असाच हा प्रकार होता.

औषधाची निर्मिती :

सर्वच कायनेज एटीपी वापरत असल्याने त्यांतील एकालाच रोखणारा रेणू मिळणे अशक्य आहे, असे अनेक तज्ज्ञांचे मत होते. तरीही स्वित्झर्लंडमधील सिबा-गायगी कंपनीत निकोलस लायडन व त्यांच्या सहकाऱ्यांनी इमॅटिनिब हे संयुग विकसित केले. ओरेगॉन येथील ब्रायन ड्रूकर यांनी १९९८ मध्ये त्याच्या रुग्णचाचण्या सुरू केल्या. ३०० मिलिग्रॅम अथवा अधिक मात्रा घेणाऱ्या ५४ रुग्णांपैकी ५३ जणांची रक्तपेशींची संख्या पूर्ववत झाली. मे २००१ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या औषधास मान्यता दिली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दीर्घकालीन अभ्यासानुसार हे औषध प्रथम देण्यात आलेल्या गटात दहा वर्षांनंतर हयात असणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ८३ टक्के होते. अर्थात, काही रुग्णांत कायनेजची रचनाच बदलते आणि औषध निष्प्रभ ठरते. त्यामुळे डॅसॅटिनिब, निलोटिनिब व पोनॅटिनिब ही पुढील औषधे विकसित करावी लागली.

औषध आणि रुग्ण :

भारतात या औषधाचा इतिहास न्यायालयातही घडला. नोवार्टिसच्या इमॅटिनिबचा महिन्याचा खर्च सुमारे १,२०,००० रुपये होता, तर भारतीय कंपन्यांचे तेच औषध सुमारे ८,००० ते १०,००० रुपयांत मिळत असे. कंपनीने अनेक रुग्णांना औषध विनामूल्यही दिले. परंतु दानावर अवलंबून राहणे आणि परवडणाऱ्या दरात औषध मिळणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. कंपनीच्या एकस्व अर्जास विरोध करणाऱ्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही संस्था होती. २००६ मध्ये चेन्नईच्या एकस्व कार्यालयाने अर्ज फेटाळला. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही एकस्व कायद्याच्या कलम ३(ड) नुसार कंपनीचा दावा अमान्य केला. ज्ञात औषधाच्या नव्या स्फटिकरूपाने उपचारात्मक परिणामकारकता वाढल्याचे सिद्ध झाले नाही, हा या निर्णयाचा गाभा होता.

समारोप :

१९५५ ते २००१ या सेहेचाळीस वर्षांच्या वाटचालीतून दोन निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, या औषधाचा पाया घालणाऱ्या संशोधकांपुढे औषध हे उद्दिष्टच नव्हते. सशाच्या स्नायूवरील प्रयोगाला त्या काळी तात्काळ उपयुक्ततेची कसोटी लावली असती, तर त्यास अनुदान मिळणे कठीण झाले असते. दुसरा असा की, प्रयोगशाळेतील यश म्हणजे रुग्णाचे आरोग्य नव्हे. त्या दोहोंमध्ये किंमत, कायदा आणि समाज उभे असतात. त्यामुळे महाविद्यालयांतून पेशीविज्ञान शिकविताना विकराच्या कार्याबरोबरच त्याचा हा इतिहासही विद्यार्थ्यांपुढे मांडला जाणे आवश्यक आहे.