दोन नावं, एक पाटी

शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात फैजपूरहून ओळखीच्या एका पुस्तकविक्रेत्या काकांचा फोन आला. "काय रे भो, तुमच्या पुस्तकावरचा तो चौकोन मोबाइलवर धरला तर काहीच उघडत नाही. पोरं पुस्तकं परत आणून देताहेत."

चौकोन म्हणजे क्यूआर कोड. पुस्तक माझं नव्हतं, पण वेबसाइट माझी होती. मी पुण्यात वेबसाइटच्या डिझाइनचं काम करतो. एक प्रकाशन संस्था आणि एक क्लासेसची कंपनी एकत्र आली होती आणि त्यांच्या दोन साइट्सची एक साइट मी केली होती. रंग एक, फॉन्ट एक, लोगो एक. तीन महिने बैठका झाल्या, त्यातल्या निम्म्या तर कुणाचं नाव वर असावं यावरच. जुन्या साइट्स बंद झाल्या त्या दिवशी ऑफिसात पेढे वाटले. जुना पत्ता छापलेल्या पुस्तकांचे गठ्ठे खानदेशातल्या दुकानांत पडून आहेत, हे मात्र कुणाच्याच ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही, आणि मी तर तिथलाच.

जुने पत्ते नव्या पानांकडे वळवून घेतले. दोन दिवसांचं काम. पण तो फोन डोक्यातून जाईना. कारण पुस्तक छापणारे आणि शाळा चालवणारे यांना एका पाटीखाली आणण्याचा महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा प्रयोग ज्या शिक्षणमंत्र्यांच्या काळात झाला, ते आमच्याच भागातले, फैजपूरजवळच्या खिरोद्याचे.

त्याआधी गावाची ओळख करून देतो. फैजपूर यावल तालुक्यात, केळीच्या पट्ट्यात. २७ आणि २८ डिसेंबर १९३६ रोजी काँग्रेसचं पन्नासावं अधिवेशन इथे भरलं. खेड्यात भरलेलं हे पहिलंच अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. साने गुरुजी त्यासाठी गावोगाव फिरले. स्थानिक बाजू ज्यांनी उचलून धरली त्यांत खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी होते. अधिवेशनासाठी जे गाव उभं राहिलं, त्याचं नाव टिळकनगर.

या टिळकनगरचं रूप ठरवायला गांधीजींनी शांतिनिकेतनहून नंदलाल बोस यांना बोलावलं. त्याच वर्षी लखनौच्या अधिवेशनातलं प्रदर्शन बोस यांनी सजवलं होतं. फैजपूरला अट अशी की जे उभं करायचं ते खेड्यात मिळणाऱ्या वस्तूंतून आणि खेड्यातल्या कारागिरांच्या हातून. म्हणून बांबू आले, चटया आल्या, आणि अध्यक्षांच्या मिरवणुकीसाठी बैलांनी ओढायचा सजवलेला रथ आला. देशभरातून माणसं येणार होती, त्यांच्या भाषा निराळ्या, काँग्रेसमधले गट निराळे. त्या सगळ्यांसाठी एकच दृश्य भाषा शोधायची, म्हणजे आज आम्ही ज्याला ब्रँडिंग म्हणतो तेच काम. बोस यांनी ते इथल्या शेतकऱ्याच्या ओळखीच्या सामानातून केलं. पुढे हरिपुऱ्याच्या अधिवेशनासाठी त्यांनी केलेली चित्रं जगभर गाजली. फैजपूरचे बांबू मात्र उतरवले गेले आणि त्याबरोबर ते कामही विस्मरणात गेलं.

धनाजी नानांचे चिरंजीव मधुकरराव चौधरी पुढे राज्याचे शिक्षणमंत्री झाले, आणि १९९० ते १९९५ या काळात विधानसभेचे अध्यक्षही. ते शिक्षणमंत्री असताना, २७ जानेवारी १९६७ रोजी, पुण्यात एक संस्था स्थापन झाली: महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ.

या लांबलचक नावातच दोन खाती जोडलेली दिसतात. पाठ्यपुस्तक निर्मिती म्हणजे प्रकाशन, अभ्यासक्रम संशोधन म्हणजे शिक्षण. ती जोडायची निकड होती. १९६० साली महाराष्ट्र झाला तो तीन तुकडे एकत्र येऊन. पश्चिम महाराष्ट्र जुन्या मुंबई राज्यातला, विदर्भ आधी मध्य प्रदेशात, मराठवाडा आधी हैदराबाद संस्थानात. तिन्हींकडे शाळांच्या पद्धती आणि अभ्यासक्रम वेगळे. त्यात खाजगी प्रकाशकांची पुस्तकं. त्यांतली काही उत्तम होती. आचार्य अत्र्यांच्या 'नवयुग वाचनमाले'ची आठवण जुनी माणसं अजून काढतात. पण पुस्तकांचा दर्जा सगळीकडे सारखा नव्हता. १९६४ ते ६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगानंही पाठ्यपुस्तकांच्या दर्जावर बोट ठेवलं होतं.

आता गंमत बघा. मंडळाचं पूर्ण नाव तुम्हाला पाठ आहे? मलाही नव्हतं. आपण सगळे 'बालभारती' म्हणतो. ते मुळात भाषेच्या पुस्तकाचं नाव. मुलांनी आणि पालकांनी ते संस्थेलाच देऊन टाकलं. लोकांच्या हातात जी वस्तू असते, तिचंच नाव त्यांच्या तोंडी बसतं. आमच्या बैठकांत तीन महिन्यांत हा मुद्दा एकदाही निघाला नाही.

दुसरी शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे नावांचं कुटुंब. बालभारती, सुलभभारती, कुमारभारती, युवकभारती. नाव ऐकलं की मूल साधारण कितवीत आहे ते कळतं. कुमारभारती आणि युवकभारती ही खरं तर दुसऱ्या घरातली, माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाची. २०१७ पासून नववी, दहावी आणि पुढे अकरावी-बारावीची नवी पुस्तकं बालभारतीकडून येऊ लागली. घर बदललं, तरी पुस्तकांची नावं तीच राहिली. दहावीच्या मुलाला हा बदल जाणवलाही नसेल, आणि ते बरंच झालं.

एकीकरणात काही गमावलंही जातं, तेही सांगायला हवं. सगळ्या राज्याला एकच पुस्तक म्हणजे एकच भाषा. आमच्या घरात लेवा बोली, शाळेच्या पुस्तकात प्रमाण मराठी. पहिली काही वर्षं वर्गात तोंड उघडताना मी शब्द तपासून घ्यायचो. मग एका वर्षी पुस्तकात बहिणाबाई चौधरींची कविता आली. बहिणाबाई जळगावजवळच्या असोद्याच्या. त्यांचा संग्रह त्यांच्या निधनानंतर १९५२ साली निघाला, अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. बाईंनी कविता वाचायला सांगितली आणि आख्खा वर्ग मोठ्यानं वाचू लागला, कारण ही तर आमच्या आज्यांची भाषा. तीच कविता त्या वर्षी कोल्हापुरात आणि चंद्रपुरातही मुलं वाचत होती. पुस्तक सगळ्यांचं होतं, तरी त्यातलं एक पान आमचं होतं.

मोठ्या कंपन्यांनाही हा पेच सुटलेला नाही. २०१५ साली १८४२ पासूनची जर्मन प्रकाशन संस्था स्प्रिंगर आणि 'नेचर' हे १८६९ पासूनचं नियतकालिक चालवणारा मॅकमिलनचा विभाग एकत्र आले. मॅकमिलनचं शालेय प्रकाशनही त्यात आलं. कंपनीचं नाव 'स्प्रिंगर नेचर' झालं, पण नेचरची साइट आणि स्प्रिंगरची साइट वेगवेगळ्याच चालू राहिल्या. वाचक नेचर शोधत येतो. मालक कोण, हे त्याला दारातच सांगायची गरज नसते.

तुमच्यापैकी जे २०२० च्या टाळेबंदीत शाळेत होते, त्यांनी बालभारतीच्या साइटवरून पुस्तकांच्या पीडीएफ उतरवल्या असतील. ती साइट दिसायला फार देखणी होती असं नाही. पण ती इयत्ता आणि माध्यम विचारायची आणि पुस्तक द्यायची. माध्यम ही काही किरकोळ बाब नाही. बालभारतीची पुस्तकं मराठीबरोबर उर्दू, गुजराती, कन्नड, तेलुगू, सिंधी अशा भाषांतही निघतात. उर्दू उजवीकडून डावीकडे चालते, म्हणजे मेन्यू, बाण, पान उलटण्याची दिशा, सगळं फिरवावं लागतं. फैजपूर-सावद्यात उर्दू शाळा आहेत हे मला लहानपणापासून माहीत होतं. तरीही माझ्या नव्या साइटवर उर्दूची पुस्तकं मराठी पानाच्या साच्यातच कोंबलेली होती.

काकांच्या फोननंतर मी पहिलं पान पुन्हा केलं. कंपनीच्या एकत्र येण्याची गोष्ट आणि दोन्ही संचालकांचे फोटो आतल्या पानावर नेले, त्यावरून थोडं ऐकूनही घेतलं. वर फक्त तीन प्रश्न: इयत्ता, विषय, माध्यम. पुस्तकाच्या पानावर जुन्या प्रकाशनाचं नाव ठेवलं, कारण दुकानात मुलं तेच नाव सांगून पुस्तक मागतात. उर्दूचं पान वेगळं बांधलं. जुने पत्ते किती वर्षं चालू ठेवायचे, या प्रश्नावर मी लिहून दिलं की ती पुस्तकं शाळांत आहेत तोवर.

दिवाळीत गावी गेलो तेव्हा काकांच्या दुकानात एका मुलीनं माझ्यासमोर कोड धरला. काच तडकलेला मोबाइल, रेंज दोन काड्या. पान उघडलं. तिनं धडा बघितला आणि निघून गेली.

काका म्हणाले, "उघडतंय आता. पण जरा लवकर उघडू दे ना भो, पोरांचा डेटा जातो."

त्यावर काम चालू आहे.