कर्करोगमुक्तांमधील आघातस्मृती व मेंदूतील बदल

कर्करोगाचे उपचार संपून रोग आटोक्यात आल्यावरही निदान, शस्त्रक्रिया किंवा केमोथेरपीच्या काळातील प्रसंग मनाविरुद्ध, पूर्वीच्याच भीतीसह पुनःपुन्हा आठवत राहतात, तेव्हा त्यांना आघातस्मृती म्हणतात. सलाइनची बाटली दिसताच किंवा वॉर्डातला स्पिरिटचा वास येताच छातीत धडधडते, मळमळते आणि काही जण त्या धास्तीने फेरतपासणीची तारीखच टाळतात. अशा आठवणींसोबत झोपमोड, दचकणे व टाळाटाळ महिन्याहून अधिक काळ टिकून रोजचे व्यवहार बिघडले, तर आघातोत्तर तणाव विकाराची शक्यता तपासली जाते.

या स्मृतींशी मेंदूचे मुख्यतः दोन भाग निगडित आहेत : प्रसंगाला स्थळकाळाचा संदर्भ जोडून तो साठवणारा हिप्पोकॅम्पस आणि धोक्याची जाणीव करून देणारा, बदामाच्या आकाराचा अमिग्डाला. जपानमध्ये स्तनाच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या ६७ स्त्रियांच्या मेंदूची चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमांच्या (एमआरआय) साहाय्याने मोजणी करण्यात आली. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात क्लेशदायक आठवणी अनुभवलेल्या स्त्रियांचा डावा हिप्पोकॅम्पस इतरांपेक्षा सुमारे ५ टक्के लहान आढळला. मात्र हा फरक आघाताचा परिणाम आहे की आधीपासूनची प्रवणता, हे एकवेळच्या मोजणीतून ठरत नाही. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतील युद्धसैनिक व त्यांच्या एकसारख्या जुळ्या भावंडांवरील अभ्यासात, आघातोत्तर तणाव विकार असलेल्या सैनिकांच्या युद्धावर न गेलेल्या भावांचाही हिप्पोकॅम्पस लहान आढळला व प्रवणतेच्या मताला बळ मिळाले. शिवाय केमोथेरपीचाही स्मरणशक्तीवर परिणाम होऊ शकत असल्याने कारणांचा गुंता वाढतो.

कोल्हापूर परिसरातील कर्करोगाचे अनेक रुग्ण स्थानिक रुग्णालयांबरोबरच मिरजेत किंवा मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात (स्थापना १९४१) उपचार घेतात; त्यामुळे फेरतपासणीसाठी त्याच वाटेने पुन्हा जाणे हेही आठवणी जागवणारे निमित्त ठरू शकते. आघातकेंद्रित बोधात्मक वर्तनोपचार, नेत्रचलनाधारित उपचार आणि गरजेनुसार औषधे यांनी हा त्रास कमी होऊ शकतो. मदतीसाठी कोल्हापुरात ‘थोरला दवाखाना’ म्हणून ओळखले जाणारे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय (सीपीआर) आहे; ते शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न आहे. याखेरीज ‘टेलिमानस’ ही मानसिक आरोग्यासाठीची राष्ट्रीय मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून उपलब्ध आहे. मेंदूच्या प्रतिमेवरून मात्र आघातोत्तर तणाव विकाराचे निदान करता येत नाही. ते रुग्णाशी बोलून, त्याची लक्षणे जाणून घेऊनच केले जाते.