सुश्रुतसंहितेतील कर्णसंधान : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

भारतीय शल्यविद्येचा इतिहास सांगताना नाकाच्या पुनर्रचनेचा उल्लेख हमखास केला जातो. त्या तुलनेने तुटलेल्या कानाच्या दुरुस्तीची चर्चा कमी होते. वस्तुतः सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळावा अध्याय मुख्यतः कानाचाच असून नाकाचे संधान त्याच्या अखेरीस येते. या अध्यायाने नेमके काय साधले आणि त्याची मर्यादा कोणती, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कर्णवेध व इजा

संहितेच्या रचनाकाळाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. तथापि तिची इ. स. ८७८ मधील ताडपत्री पोथी काठमांडू येथे जतन झालेली असल्याने त्यापूर्वीच हा ग्रंथ प्रचलित होता, हे निश्चित. बालकाचे रक्षण व अलंकार या दोन हेतूंनी कान टोचावेत आणि छिद्र हळूहळू वाढवावे, असे संहिता सांगते. अशी वाढवलेली पाळी दोषांमुळे अथवा आघातामुळे दुभंगते, हेही ती नोंदवते. म्हणजेच येथे शल्यविद्येची गरज समाजात रूढ असलेल्या संस्कारातून व अलंकारातून निर्माण झालेली दिसते.

संधानाची पद्धत

संहितेत कर्णबंधाचे पंधरा प्रकार दिले असून त्यांपैकी दहा साध्य व पाच असाध्य मानले आहेत. पाळीचे दोन्ही भाग जाड आणि सारखे आहेत की एकच भाग उरला आहे, यावरून प्रकार ठरतो. कडा खरवडून ताज्या कराव्यात, रक्ताची परीक्षा करावी, भाग समपातळीत जुळवावेत, मध व तूप लावून कापूस आणि वस्त्राने झाकावेत, दोरा फार घट्ट वा फार सैल बांधू नये, असा क्रम आहे. त्यानंतर रुग्णाने व्यायाम, अतिभोजन, दिवसा झोप व अतिभाषण टाळावे, असे पथ्यही सांगितले आहे.

पाळी मुळीच नसेल तर गालावरील मांस उचलून ती घडवावी, मात्र ते मांस जिवंत व मूळ जागेशी जोडलेले असावे, ही अट सर्वांत महत्त्वाची होय. जोडणी टिकली तर रक्तपुरवठा टिकतो. आधुनिक सुघटन शल्यविद्येतील त्वचापट याच तत्त्वावर आधारलेले आहेत.

ग्रंथ आणि कारागीर

हेच तत्त्व पुण्याच्या परिसरात प्रत्यक्ष व्यवहारात दिसते. टिपू सुलतानाच्या कैदेत नाक कापले गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानावरील शस्त्रक्रियेचा वृत्तांत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया करणारा विटा बनवणाऱ्या जातीचा होता, असे त्यात नमूद आहे. त्याने त्वचा कपाळावरून घेतली आणि दोन्ही डोळ्यांमधील जोड सुमारे पंचवीस दिवस राखला. या वृत्तांताने प्रेरित होऊन जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडनमध्ये अशी शस्त्रक्रिया केली.

येथे एक भेद लक्षात घ्यावा लागतो. संहिता गालाची त्वचा सांगते, पुण्याचा कारागीर कपाळाची वापरतो. त्यामुळे त्याचे कौशल्य म्हणजे केवळ ग्रंथातील पाठाची अंमलबजावणी होती, असे म्हणता येत नाही. तत्त्व समान असले तरी हाताची परंपरा स्वतंत्रपणे घडली असण्याची शक्यता मान्य करावी लागते.

मर्यादा

कानाच्या पाळीत कूर्चा नसते, वरच्या भागात असते. संहितेतील संधान प्रामुख्याने पाळीचे आहे. कूर्चेची नागमोडी चौकट नव्याने घडवणे हा वेगळाच प्रश्न होता. इटलीतील तालियाकोत्सी यांच्या १५९७ च्या ग्रंथात नाकाबरोबर कानाचाही विचार आहे. परंतु रुग्णाच्या बरगडीतील कूर्चा कोरून संपूर्ण कान टप्प्याटप्प्याने घडवण्याची पद्धत अमेरिकेतील टँझर यांनी १९५९ मध्ये मांडल्यानंतरच स्थिर झाली.

निष्कर्ष

प्राचीनांनी संपूर्ण कान घडवला, हा दावा ग्रंथाच्या आधारावर टिकत नाही. मात्र जखमेचे वर्गीकरण, साध्यासाध्य विवेक आणि जिवंत जोड राखण्याचे तत्त्व ही त्यांची सिद्धी निर्विवाद आहे. ग्रंथकाराच्या जोडीने त्या अनाम कारागिरालाही इतिहासात स्थान दिल्याशिवाय ही परंपरा पूर्णपणे समजणार नाही.