अण्णासाहेब मगर आणि पिंपरी-चिंचवडची नगरपालिका

वस्ती आधी आणि शासन मागाहून असा क्रम जेथे घडतो, तेथे राजकीय पुढाऱ्याच्या कार्यास निराळे स्वरूप येते. असलेल्या संस्थेत पद मिळविणे एवढेच त्याचे काम नसते. ती संस्थाच प्रथम उभी करावी लागते. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेच्या पश्चिम सीमेवरील पुढाऱ्यांची कारकीर्द या कारणास्तव अभ्यसनीय ठरते. तेथे १७८७ च्या वायव्य प्रदेशविषयक अध्यादेशाने आधी नियुक्त गव्हर्नर, पाच हजार स्वतंत्र प्रौढ पुरुषांच्या वस्तीनंतर निर्वाचित प्रतिनिधिगृह आणि साठ हजार स्वतंत्र रहिवासी झाल्यावर राज्याचा दर्जा, अशा पायऱ्या घालून दिल्या होत्या. महाराष्ट्रात याच्याशी निकटचे साम्य विसाव्या शतकातील पिंपरी-चिंचवडच्या इतिहासात आणि तेथील नगरपालिकेचे प्रवर्तक अण्णासाहेब मगर यांच्या कारकिर्दीत आढळते.

१८५८ मध्ये खंडाळा-पुणे लोहमार्ग या परिसरातून गेला, तरी पुढील सुमारे शतकभर येथील गावे मुख्यतः शेतीवरच राहिली. चिंचवडची ख्याती होती ती मोरया गोसावींच्या समाधीमुळे. १९५४ मध्ये पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ मध्ये राज्याचे औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि त्या दशकात मोठे कारखाने येथे आले. कामगारांची वस्ती वाढली; कारभार मात्र ग्रामपंचायतींच्या चौकटीतच होता. पाणी, गटारे, रस्ते यांची जबाबदारी त्या चौकटीस पेलणारी नव्हती.

४ मार्च १९७० रोजी भोसरी, आकुर्डी, चिंचवड व पिंपरी ही गावे एकत्र करून नगरपालिका स्थापन झाली. मगरांच्या पुढाकाराचे ऐतिहासिक महत्त्व येथे आहे. उद्योगांमुळे निर्माण होणाऱ्या संपत्तीचा काही अंश जकातीच्या रूपाने त्याच भूमीवर खर्च करण्याचा अधिकार स्थानिक संस्थेस लाभला. २०१३ मध्ये बंद होईपर्यंत जकात हाच तिच्या उत्पन्नाचा प्रमुख आधार राहिला. मगर १९७७ मध्ये खेड मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले.

तथापि नियुक्त सत्ता आणि निर्वाचित सत्ता यांतील तणाव येथेही टळला नाही. १९७२ मध्ये राज्य शासनाने स्वतंत्र नवनगर विकास प्राधिकरण नेमले. ते २०२१ पर्यंत टिकले. १९८२ मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली. परंतु तिची पहिली निवडणूक १९८६ मध्ये झाली, आणि दरम्यान कारभार प्रशासकाच्या हाती राहिला.

अमेरिकेशी असलेले साम्य येथे संपते. तेथील भूमी रिकामी मानली गेली आणि मूळ रहिवासी नव्या शासनाच्या बाहेर फेकले गेले. येथील शेतकऱ्याची जमीन भूसंपादनाने गेली; त्याचे गावठाण मात्र नगरपालिकेत समाविष्ट झाले आणि त्याचा मताधिकार अबाधित राहिला. जमीन गमावूनही जुनी गावे नव्या नगराच्या राजकारणातून नाहीशी झाली नाहीत, याचे एक प्रमुख कारण हेच होय. मताधिकाराने गेलेले शेत परत आले नाही, हेही तितकेच खरे.

पुढे औद्योगिक विस्तार चाकणकडे सरकला आणि कारखाने आधी, नगरशासन मागाहून हाच क्रम तेथे पुन्हा घडला. त्या पट्ट्याच्या अभ्यासात, म्हणूनच, कारखान्यांच्या संख्येइतकेच कर आकारण्याचा आणि तो खर्च करण्याचा अधिकार कोणाकडे होता हे तपासणे अगत्याचे आहे.