शिकारीची बंदूक आणि कमरेची सुरी

माझे नाना कन्नड तालुक्यातले. त्यांच्याकडे एक ठासणीची बंदूक होती. मी ती पाहिलेली नाही, माझ्या जन्माआधीच ती घरातून गेली. पण बंदूक कशी निवडावी याबद्दलचं त्यांचं एक वाक्य आई अजून सांगते : ‘बंदूक ऐसी होना, जानवर गिरना पर मरना नै.’

शिकारीवरचं कुठलंही इंग्रजी पुस्तक उघडा, नेमकं उलटं सांगितलेलं सापडेल. जनावराच्या आकाराला पुरेल एवढी जड गोळी घ्या, पहिल्याच गोळीत ते जागेवर मेलं पाहिजे, जखमी होऊन झाडीत शिरता कामा नये. मग नाना असं का म्हणायचे? बरीच वर्षं मला तो त्यांचा विक्षिप्तपणा वाटे. नंतर लक्षात आलं, त्यांच्या कमरेला सुरी असायची आणि खरी शिकार त्यांच्या लेखी त्या सुरीनेच व्हायची.

इथे थोडं मागे जावं लागेल, थेट हातिमताईच्या घरापर्यंत. दानशूर हातिमच्या गोष्टी आपल्याकडे सगळ्यांनी ऐकल्यात. त्याचा मुलगा अदी बिन हातिम पैगंबरांचा सहाबी झाला. तो शिकारी होता आणि त्याचे प्रश्नही शिकाऱ्याचे. शिकवलेल्या कुत्र्याने धरलेलं जनावर चालतं का? ‘मिअराद’ म्हणजे बिनपिसांचा जाड तीर मारला तर? बुखारी आणि मुस्लिम, दोन्ही संग्रहांत उत्तर आहे. अल्लाहचं नाव घेऊन सोडलेला तीर धारेने आत घुसला तर खा, आडवा लागून त्याच्या माराने जनावर मेलं तर खाऊ नका. कारण ते ‘मौकूजा’, म्हणजे ठेचून मेलेलं, आणि कुरआनच्या पाचव्या सूरेत ते हराम आहे. जनावर जिवंत हाती लागलं आणि जिबह केलं, तर मात्र प्रश्नच मिटला.

आता गंमत पाहा. अरबीत ‘बुंदुक’ म्हणजे एक कवचाचं फळ, हेझलनट. त्याच्याएवढ्या मातीच्या गोळीलाही तेच नाव पडलं. अशा गोळीने मेलेलं पाखरू मौकूजाच, असं मत हजरत इब्ने उमर यांच्या नावावर नोंदलेलं आहे. दारूची बंदूक यायला अजून कित्येक शतकं होती! पुढे ती आली तेव्हा तिला नाव मिळालं तेच, आणि नावासोबत तो जुना वादही तिच्या गळ्यात पडला.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला या वादाच्या दोन टोकांना दोन मोठे आलिम दिसतात. येमेनचे शौकानी म्हणाले, शिशाची गोळी शरीर भेदून जाते, म्हणून ती तीरासारखी. नाव घेऊन झाडली तर चालते. दमिश्कचे हनफी फकीह इब्ने आबिदीन म्हणाले, गोळीची जखम धारेची नसते, जळण्याची आणि वजनाच्या धक्क्याची असते, चालत नाही. शौकानी १८३४ साली वारले, इब्ने आबिदीन १८३६ साली. आपल्याकडचे बहुसंख्य मुसलमान हनफी, त्यामुळे दख्खनच्या शिकाऱ्याच्या कमरेला सुरी राहिली. टोकदार गोळीचा वेगळा विचार व्हावा असं म्हणणारे आलिम नंतर झाले, पण नानांपर्यंत ते पोहोचले नसावेत.

मोगल बादशहा काय पाहत? अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त बंदुकांवर वेगळा मजकूर लिहिलाय. त्याला पहिली काळजी गोळी झाडणाऱ्याची. पूर्वी नळीत चौथ्या हिश्शाहून जास्त दारू भरता येत नसे. पत्रा कागदासारखा तिरपा गुंडाळून नळी घडवायला लागल्यापासून काठोकाठ भरली तरी फुटत नाही, असं तो अभिमानाने सांगतो. अकबराच्या खाशा बंदुका पाळीने वापरात येत. त्यातली पहिली ‘संग्राम’. हिनेच चित्तोडच्या वेढ्यात जयमल पडला. तिने १,०१९ जनावरं मारल्याची नोंदही अबुल फजलने ठेवलीय.

जहांगीरने तर स्वतः मारलेल्या जनावरांचा आकडा आत्मचरित्रात दिलाय : १७,१६७. मला मात्र त्याची नीलगायीची हकीकत जास्त आठवते. गोळ्या लागूनही ती चालतच राहिली. त्याने ख्वाजा मुईनुद्दीन चिश्तींच्या नावाने नवस बोलला. ती थकून थांबली तशी त्याने तिला तिथल्या तिथे हलाल करवलं आणि फकिरांना जेवण दिलं. बादशहाची बंदूक असली तरी शेवटी सुरी लागलीच.

आमच्या जिल्ह्यात बंदुकीने एक वेगळीच शिकार साधली. २८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास घोडदळाचा कॅप्टन जॉन स्मिथ वाघाच्या मागे वाघूर नदीच्या खोऱ्यात आला आणि त्याला अजिंठ्याची लेणी दिसली. दहाव्या लेण्यातल्या खांबावर त्याने नाव आणि तारीख कोरून ठेवलीय. तो जमाना चकमकीच्या बंदुकांचा. एक बार काढला की पुन्हा दारू, गोळी, गज.

ठासणीच्या बंदुकीची गोल, मऊ गोळी मंद असते. हरीण पडे, धडपडे. धावत जाऊन बिस्मिल्लाह म्हणायला वेळ मिळे. १८८४ साली फ्रान्समध्ये बिनधुराची दारू निघाली आणि हे गणित बिघडलं. नळीत पीळदार खाचा, बारीक लांब गोळी, वेग जवळपास दुप्पट. जिम कॉर्बेटला १९०७ साली चंपावतच्या नरभक्षक वाघिणीसाठी बक्षीस मिळालेली .२७५ रिग्बी याच जातीची. अशी रायफल जितकी अचूक, तितकी हनफी शिकाऱ्याची अडचण, कारण सुरी पोहोचेपर्यंत जनावर संपलेलं! साहेबांची तक्रार वेगळीच. मुसलमान नोकर धावत जाऊन गळा कापतो आणि भिंतीवर लावायच्या मुंडक्याचं कातडं खराब करतो.

म्हणून आमच्याकडच्या जुन्या लोकांच्या बोलण्यात रायफलपेक्षा बारा बोअरच जास्त येते. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक जिच्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअर. छर्र्याने तितर खाली येतो, पण बहुधा जिवंत असतो. फासेपारध्याच्या फाशातला तितर तर धडधाकटच, त्यामुळे ज्यांच्याकडे बंदूक नव्हती ते त्याच्याकडून घेत.

नानांचा नियम मला पूर्ण पटत नाही. अर्धवट जखमी जनावराचे हाल त्यात गृहीतच धरलेले आहेत, आणि जिबह करतानाही सुरीला धार लावा, जनावराला आराम द्या, असं सांगणारी हदीस त्याच ‘मुस्लिम’ संग्रहात आहे. आई म्हणते, जनावर झाडीत शिरलं तर नाना रात्र पडेपर्यंत शोधत आणि सापडलं नाही तर घरी येऊन जेवत नसत. इंग्रजी पुस्तकांतही जखमी जनावर सोडून जाणं ही मोठी नामुष्कीच. एवढ्यापुरते दोघे जवळ येतात.

१९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीवर कडक बंधनं आली. १९८६ साली गौताळा अभयारण्य जाहीर झालं. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाला आपल्या बंदुकीची नोंद करावी लागते, म्हणजे नानांची बंदूक आज असती तर त्यांना हेही करावं लागलं असतं. सुरी मात्र आहे. मूठ दोनदा बदललीय, पातं तेच. बकरी ईदच्या आदल्या दिवशी शहागंजात धारवाल्याकडे ती घेऊन जाणं माझ्याकडे असतं.