प्रिऑन-रोगांचे संक्रमण व त्यांचे वाण : एक ऐतिहासिक टिपण

मेंढ्यांच्या एका असाध्य मेंदूविकारास इंग्रजीत 'स्क्रेपी' हे नाव पडले, कारण रोगी मेंढी कुंपणाला अंग घाशीत असे. फ्रेंचांनी त्यासच 'त्रांब्लांत' म्हणजे 'कापरे' म्हटले, तर जर्मनांनी दुडक्या चालीवरून 'ट्राबरक्रांकहाइट' असे नाव दिले. रोग एक, लक्षणे निरनिराळी आणि नावेही निरनिराळी. लक्षणावरून रोगाची ओळख कितपत पटते, हा प्रश्न या रोगांच्या इतिहासात वारंवार उद्भवलेला दिसतो.

हा रोग संक्रमणशील असल्याचे क्यूये व शेल या फ्रेंच पशुवैद्यांनी १९३६ साली दाखवून दिले. रोगी मेंढीच्या मज्जासंस्थेचा अंश निरोगी मेंढीस टोचल्यावर रोग उद्भवला. मात्र त्यास वर्षाहून अधिक काळ लागला.

१९५७ साली झिगस व गायडुशेक यांनी न्यू गिनीतील फोरे लोकांमधील 'कुरू' या रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. 'कुरू' याचा अर्थही थरथरणे असाच होय. रोगास बळी पडत त्या मुख्यतः स्त्रिया व मुले. मृत आप्ताचे शरीर भक्षण करण्याचा शोकविधी तेथे रूढ होता, आणि मेंदू स्त्रिया व मुले यांच्या वाट्याला येई. लिंडनबॉम व ग्लास या मानवशास्त्रज्ञांनी वंशावळी व वृद्धांच्या आठवणी यांवरून हा संबंध उलगडला. ज्या कृतीत ममत्व होते, तीच मृत्यूची वाट ठरली. १९५९ साली हॅडलो यांनी कुरू व स्क्रेपी यांतील साम्य निदर्शनास आणून वानरवर्गीय प्राण्यांवर दीर्घकालीन प्रयोग सुचविला. १९६६ साली चिंपांझींमध्ये कुरूचे संक्रमण झाल्याचे जाहीर झाले.

तथापि रोग एक असला, तरी त्याचे वाण अनेक असू शकतात. १९६१ साली पॅटिसन व मिल्सन यांना स्क्रेपी टोचलेल्या बकऱ्यांत दोन प्रकार आढळले : काही अंग खाजवीत, काही सुस्त पडून राहत. पुढे एकाच वंशाच्या उंदरांना निरनिराळे वाण टोचून रोग प्रकट होण्यास लागणारा काळ व मेंदूतील विकृतींची मांडणी यांची तुलना करण्याची पद्धत रूढ झाली.

१९८२ साली प्रुसिनर यांनी रोगकारक द्रव्य मुख्यतः प्रथिनच असल्याचे प्रतिपादून त्यास 'प्रिऑन' हे नाव दिले. तेव्हा शंका उपस्थित झाली : जनुकद्रव्यच नाही, तर वाण कोठून येणार? १९९० नंतरच्या दशकात बेसन व मार्श यांच्या हॅमस्टरवरील प्रयोगांनी उत्तराची दिशा दाखविली. प्रथिनाची घटकमालिका तीच असूनही त्याची घडी निराळी पडू शकते, आणि ती घडीच पुढे संक्रमित होते. वर्ण तेच, रचना निराळी, असे भाषेच्या अभ्यासकास म्हणता येईल.

हा वाद केवळ तात्त्विक नव्हता. १९८६ साली ब्रिटनमधील गाईंत असाच रोग ओळखण्यात आला, आणि १९९६ साली तेथील तरुण माणसांत एक नवा मेंदूविकार आढळला. दोहोंचा संबंध केवळ लक्षणांवरून सिद्ध होण्याजोगा नव्हता. १९९७ साली उंदरांवरील तुलनेत दोहोंचा रोगकाळ व विकृतींची मांडणी एकच ठरली, आणि गाईचाच वाण मनुष्यात उतरल्याचा सबळ पुरावा मिळाला. नाव लक्षण सांगते. वाण मात्र रोगाचे मूळ सांगतो.